चढ आणि अंतःखंड : सरळ रेषेतील दोन आकड्यांचा अर्थ

दोन राशींपैकी एक बदलली की दुसरी ठरावीक दराने बदलते, असा संबंध व्यवहारात आणि विज्ञानात पावलोपावली आढळतो. वापरलेल्या युनिटांवर विजेचे बिल, कापलेल्या अंतरावर प्रवासभाडे, उंचीवर हवेचे तापमान अशी त्याची कितीतरी उदाहरणे देता येतील. आलेखावर असा संबंध सरळ रेषेच्या रूपाने उमटतो, म्हणून त्यास 'रेषीय फलन' म्हणतात. ही रेषा पूर्णपणे निश्चित करण्यास दोनच आकडे पुरतात. आडव्या अक्षावरील राशी एका एककाने वाढली असता उभ्या अक्षावरील राशी किती बदलते, हे सांगणारा आकडा म्हणजे 'चढ'. आडव्या अक्षावरील राशी शून्य असताना उभ्या अक्षावरील राशीची जी किंमत असते, ती म्हणजे 'अंतःखंड'. य = म × क्ष + क या सूत्रात 'म' हा चढ आणि 'क' हा अंतःखंड होय.

सूत्र इतके सोपे आहे, की त्याविषयी अधिक काही सांगण्यासारखे असेल असे वाटत नाही. दोन बिंदू दिले असता चढ काढणे शालेय विद्यार्थ्यालाही जमते. अडचण येते ती आलेल्या आकड्याचा अर्थ सांगताना. तो आकडा कशाचा, कोणत्या एककात, कोणत्या मर्यादेत खरा आणि कोठे निव्वळ आकडेमोडीचा अवशेष, हे प्रश्न गणिताच्या वहीत क्वचितच विचारले जातात. व्यवहारात मात्र तेच महत्त्वाचे ठरतात.

किमान भाडे म्हणजे अंतःखंड नव्हे

मुंबई महानगर क्षेत्रात १ फेब्रुवारी २०२५ पासून लागू झालेल्या दरांनुसार रिक्षाचे पहिल्या दीड किलोमीटरचे किमान भाडे २६ रुपये आणि त्यापुढील प्रत्येक किलोमीटरचा दर १७.१४ रुपये ठरला. या माहितीवरून सूत्र मांडावयास सांगितले, तर बहुतेक जण भाडे = १७.१४ × अंतर + २६ असे लिहितात. किमान भाडे हाच अंतःखंड, असा त्यामागचा समज. या सूत्राने दहा किलोमीटरचे भाडे १९७ रुपये ४० पैसे येते. प्रत्यक्षात दीड किलोमीटरचे २६ रुपये आणि उरलेल्या साडेआठ किलोमीटरचे १४५.६९ रुपये मिळून ते १७१.६९, म्हणजे सुमारे १७२ रुपये होते. समज चुकला, की हिशेब पंचवीस रुपयांनी चुकतो.

दीड किलोमीटरच्या पुढील भाड्याचे खरे सूत्र २६ + १७.१४ × (अंतर − १.५) असे आहे. ते सोडविले तर भाडे = १७.१४ × अंतर + ०.२९ असे रूप मिळते. अंतःखंड फक्त २९ पैसे! त्याच वेळी ठरलेले टॅक्सीचे दर (किमान ३१ रुपये, पुढे दर किलोमीटरला २०.६६ रुपये) घेतले, तर अंतःखंड अवघा एक पैसा येतो. याचा अर्थ असा, की किमान भाडे ही वेगळी आकारणी नाहीच. दीड किलोमीटरला प्रतिकिलोमीटर दराने गुणून आणि पूर्ण रुपयात आणून ते ठरविलेले आहे. रेषा जवळजवळ आरंभबिंदूतून जाते. फक्त तिचा सुरुवातीचा तुकडा दीड किलोमीटरपर्यंत आडवा केलेला आहे. दीड किलोमीटरहून अधिक जाणारा प्रवासी रिक्षात बसण्याचे वेगळे पैसे देत नाही; अर्धा किलोमीटर जाणारा मात्र न केलेल्या प्रवासाचे पैसे देतो. किमान मर्यादा आणि स्थिर आकार या दोन गोष्टींत हा फरक आहे आणि तो आकडे नुसते वाचून कळत नाही. त्यासाठी रेषा शून्यापर्यंत मागे नेऊन पाहावी लागते.

खरा अंतःखंड पाहावयाचा असेल, तर विजेचे बिल घ्यावे. घर महिनाभर कुलूपबंद असले आणि एकही युनिट वापरले गेले नाही, तरी स्थिर आकार भरावाच लागतो. समजा, हा आकार १२० रुपये आणि विजेचा दर प्रतियुनिट ५ रुपये आहे (हिशेबाच्या सोयीसाठी घेतलेले आकडे). ८० युनिटांचे बिल ५२० रुपये होईल. ५२० ला ८० ने भागून 'आपल्याला वीज साडेसहा रुपयांना पडते' असे म्हणणे चूक नाही. परंतु ती सरासरी झाली, चढ नव्हे. वीस युनिटे वाचविली तर बचत किती, या प्रश्नाचे उत्तर सरासरीवरून १३० रुपये येते आणि ते चुकीचे आहे. बचत चढाच्या दराने होते, म्हणजे १०० रुपये.

महाराष्ट्रातील घरगुती वीजदर टप्प्याटप्प्याने वाढतात. पहिल्या १०० युनिटांना एक दर, त्यापुढील युनिटांना अधिक दर. येथे आलेख एक सरळ रेषा राहत नाही. तो तुकड्यातुकड्यांनी मोडतो आणि प्रत्येक तुकड्याचा चढ निराळा असतो. वरच्याच उदाहरणात शंभरानंतरचा दर १० रुपये धरला, तर १५० युनिटांचे बिल १२० + ५०० + ५०० म्हणजे ११२० रुपये होते. सरासरी सुमारे साडेसात रुपये. पण वीस युनिटे वाचविल्यास बचत दोनशे रुपयांची. शंभर युनिटांची मर्यादा ओलांडली की सगळ्याच युनिटांना चढा दर लागतो, हा समज पुष्कळ घरांत रूढ आहे. वस्तुतः मर्यादेपुढील युनिटांचाच दर बदलतो. आलेखात तेथे कोपरा येतो, पायरी येत नाही. शिवाय या दुसऱ्या तुकड्याचे सूत्र १० × युनिटे − ३८० असे येते. हे उणे ३८० म्हणजे वीज कंपनीने ग्राहकास द्यावयाची रक्कम नव्हे, हे सांगावयास नकोच! तो तुकडा शंभर युनिटांच्या अलीकडे लागूच नसल्यामुळे त्याच्या अंतःखंडाला अर्थ नाही. रेषा योग्य ठिकाणी बसावी यासाठी लागणारा तो केवळ एक आकडा आहे.

दोन पर्यायांची तुलना करताना हे दोन्ही आकडे एकत्र उपयोगी पडतात. साठ वॉटचा जुना बल्ब आणि तेवढाच उजेड देणारा नऊ वॉटचा एलईडी दिवा यांच्या किमतींत ८० रुपयांचा फरक आहे असे धरू. हा अंतःखंडांतील फरक. विजेचा दर प्रतियुनिट ८ रुपये धरल्यास बल्बचा तासाचा खर्च ४८ पैसे आणि एलईडीचा ७.२ पैसे, हा चढांतील फरक ४०.८ पैशांचा. ८० रुपयांना ४०.८ पैशांनी भागले, की १९६ तास हे उत्तर मिळते. रोज पाच तास दिवा लागत असेल, तर महागडा दिवा साधारण चाळीस दिवसांत स्वस्त ठरतो. सौरपंप की डिझेलपंप, स्वतःचे वाहन की भाड्याचे, या प्रश्नांचे स्वरूप हेच असते. आकडे मोठे होतात इतकेच.

एककांविषयी एक गोष्ट येथेच नोंदवावी. अंतःखंडाचे एकक उभ्या अक्षाचे, तर चढाचे एकक उभ्या अक्षाच्या एककास आडव्या अक्षाच्या एककाने भागून मिळते : रुपये प्रतिकिलोमीटर, अंश प्रतिमीटर. किलोमीटरऐवजी मीटर घेतले, तर चढ हजारपटीने लहान होतो आणि अंतःखंड जागचा हलत नाही. म्हणून एककाशिवाय सांगितलेला चढ मोठा की लहान, या प्रश्नाला काही अर्थ उरत नाही. वृत्तपत्रांतील आलेखांत रेषा डोळ्यांना किती उभी दिसते, यावरून वाढ वेगवान ठरविणे हे त्याहून धोक्याचे. अक्षावरील मोजपट्टी ताणली, की कोणतीही रेषा उभी करता येते.

तापमान आणि तापमानातील वाढ

सेल्सियसचे फॅरनहाइटमध्ये रूपांतर करण्याचे सूत्र फॅ = १.८ × से + ३२ असे आहे. पाण्याच्या गोठणबिंदूपासून उत्कलनबिंदूपर्यंत एका मापनश्रेणीत १०० आणि दुसरीत १८० भाग पडतात, म्हणून चढ १.८. गोठणबिंदूला फॅरनहाइट श्रेणीत ३२ हा आकडा आहे, म्हणून अंतःखंड ३२. चढ हे दोन अंशांच्या आकारमानांचे गुणोत्तर. अंतःखंड हा केवळ शून्य कोठे मानावे याविषयीच्या निवडीचा परिणाम.

हा भेद ध्यानात न घेतल्याने होणारी चूक मोठी गमतीची असते. २०१५ च्या पॅरिस करारात जागतिक तापमानवाढ दीड अंश सेल्सियसपर्यंत रोखण्याचे प्रयत्न करावेत असे म्हटले आहे. हे दीड अंश सूत्रात घातले, तर ३४.७ अंश फॅरनहाइट येतात. पृथ्वी एवढी तापली, तर करार करावयास कोणी उरणार नाही. दीड अंश हे येथे तापमान नसून तापमानातील फरक आहे. दोन तापमानांची वजाबाकी करताना दोहोंतील ३२ परस्परांना छेदून जातात आणि चढ तेवढा उरतो. त्यामुळे उत्तर २.७ अंश फॅरनहाइट. फरकांच्या हिशेबात अंतःखंडाला स्थान नाही, हे तत्त्व रुपयांना लागू, अंशांना लागू आणि किलोग्रॅमलाही लागू.

याच अंतःखंडामुळे '२० अंशांचे हवामान १० अंशांच्या दुप्पट उष्ण' असे म्हणता येत नाही. फॅरनहाइटमध्ये तेच आकडे ६८ आणि ५० होतात, आणि ती दुप्पट नव्हे. रेषा आरंभबिंदूतून जात असेल तरच 'दुप्पट'ला अर्थ असतो.

मग तापमानाचे खरे शून्य कोणते? हे उत्तर एका रेषेच्या अंतःखंडातूनच मिळाले. दाब कायम ठेवून वायू तापविला, तर त्याचे आकारमान तापमानानुसार सरळ रेषेत वाढते, हे फ्रेंच शास्त्रज्ञ गे-ल्युसॅक यांनी १८०२ मध्ये प्रसिद्ध केले. त्याआधी जाक शार्ल यांनी ते पाहिले होते. शून्य अंश सेल्सियसला २७३ घनसेंटिमीटर असलेला वायू दर अंशाला जवळजवळ एक घनसेंटिमीटर वाढतो. ही रेषा उलट दिशेने वाढवीत नेली, की ती आडव्या अक्षाला उणे २७३ अंशांच्या आसपास छेदते. निरनिराळ्या वायूंचे चढ निराळे निघाले असते, तर हा छेदबिंदू कुतूहलाचा विषय झाला नसता. पण विरळ स्थितीत सर्वच वायूंच्या रेषा तेथे येऊन मिळतात. लॉर्ड केल्व्हिन यांनी १८४८ मध्ये निरपेक्ष तापमानाची कल्पना मांडली आणि आज हा बिंदू उणे २७३.१५ अंश मानला जातो. यात एक विसंगती आहे. कोणताही वायू तेथपर्यंत वायू राहतच नाही, आधीच द्रवरूप होतो. म्हणजे रेषा जेथे खरी नाही तेथे वाढवून मिळालेला आकडा निसर्गाची एक मूलभूत मर्यादा ठरला. अशी भाग्यवान रेषा क्वचितच भेटते.

अर्थहीन अंतःखंड

बहुसंख्य वेळा मिळते ते याच्या उलट. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्ये आईवडिलांची सरासरी उंची आणि त्यांच्या प्रौढ मुलांची उंची यांचा संबंध तपासला (स्त्रियांची उंची त्यांनी १.०८ ने गुणून घेतली होती). त्यांना रेषेचा चढ सुमारे दोन-तृतीयांश आढळला. आईवडील सरासरीहून तीन इंच उंच असतील, तर मुले सरासरीहून साधारण दोन इंचच उंच निघतात, असा त्याचा अर्थ. सरासरीकडे परतण्याच्या या प्रवृत्तीवरूनच संख्याशास्त्रातील 'समाश्रयण' या पद्धतीला तिचे इंग्रजी नाव मिळाले. सरासरी उंची सव्वाअडुसष्ट इंच धरली, तर या रेषेचा अंतःखंड पावणेतेवीस इंच येतो. शून्य इंच उंचीच्या आईवडिलांची मुले पावणेदोन फुटांहून थोडी उंच असतील, असे तो सांगतो! गाल्टन यांच्या निष्कर्षाला याने बाध येत नाही. निरीक्षणे साठ-सत्तर इंचांच्या आसपासची असताना शून्यावरील किंमत विचारणे हेच अप्रस्तुत आहे. म्हणून जाणकार अशा वेळी शून्य सरासरीवर सरकवून घेतात. मग अंतःखंड 'सरासरी आईवडिलांच्या मुलांची उंची' होतो आणि वाचण्याजोगा ठरतो.

काळ आडव्या अक्षावर असेल, तेव्हा ही दक्षता विशेष हवी. जनगणनेनुसार महाराष्ट्राचे साक्षरतेचे प्रमाण १९९१ मध्ये ६४.८७ टक्के आणि २००१ मध्ये ७६.८८ टक्के होते. या दोन बिंदूंतून जाणाऱ्या रेषेचा चढ दरवर्षी १.२ टक्के-बिंदू. इसवी सनाचे वर्ष जसेच्या तसे सूत्रात घातले, तर अंतःखंड उणे २३२६ टक्के येतो. वर्षे १९९१ पासून मोजली, तर तोच ६४.८७ होतो. चढ दोन्ही वेळा एकच. अंतःखंड निरर्थक वाटला, तर दोष बहुधा संबंधाचा नसून शून्य कोठे धरले त्याचा असतो.

हीच रेषा पुढे वाढविली, तर २०११ साठी ८८.९ टक्के हे भाकीत मिळते. जनगणनेत आढळले ८२.३४. त्या दशकात चढ निम्म्याहूनही खाली, दरवर्षी ०.५५ च्या आसपास आला होता. आणि २०२१ पर्यंत रेषा नेली असती, तर साक्षरता शंभर टक्क्यांच्या वर गेली असती. जेथे कमाल मर्यादा आहे, तेथे रेषेला कधी ना कधी वाकावेच लागते. बहिर्वेशन, म्हणजे निरीक्षणांच्या पलीकडे रेषा वाढविणे, हे नियोजनकारांचे आवडते काम असले, तरी त्याची किंमत अनेकदा चुकीच्या अंदाजपत्रकांत मोजावी लागते.

दोन्ही आकडे बोलतात तेव्हा

रेषेचे चढ व अंतःखंड हे दोन्ही अर्थपूर्ण असण्याचे सर्वांत सुंदर उदाहरण प्रकाशविद्युत् परिणामात सापडते. धातूवर प्रकाश पडला असता त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये असे भाकीत केले, की या इलेक्ट्रॉनांची कमाल ऊर्जा प्रकाशाच्या कंप्रतेनुसार सरळ रेषेत वाढेल. चढ सर्व धातूंसाठी एकच असेल आणि तो प्लांकच्या स्थिरांकाएवढा असेल. अंतःखंड मात्र उणे असेल आणि धातूनुसार बदलेल, कारण इलेक्ट्रॉनाला धातूतून सुटण्यासाठी जी ऊर्जा खर्च करावी लागते, ती म्हणजेच हा अंतःखंड.

अमेरिकी शास्त्रज्ञ रॉबर्ट मिलिकन यांना हे स्पष्टीकरण मान्य नव्हते. त्यांनी कित्येक वर्षे खर्चून सोडियम व लिथियम यांसारख्या धातूंवर अत्यंत काटेकोर प्रयोग केले. १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निष्कर्षांत रेषा सरळच निघाली आणि चढावरून मिळालेली प्लांकच्या स्थिरांकाची किंमत आजच्या किमतीहून एका टक्क्याच्या आतबाहेर होती. प्रयोग करणाऱ्याचा सिद्धांतावर विश्वास नसताना आलेखाने सिद्धांताच्या बाजूने साक्ष द्यावी, हा प्रसंग विज्ञानाच्या इतिहासात वारंवार येत नाही. आइन्स्टाइन यांना १९२१ चे आणि मिलिकन यांना १९२३ चे नोबेल पारितोषिक मिळाले; दोघांच्याही गौरवात या कामाचा उल्लेख होता. निरनिराळ्या धातूंच्या रेषा एकाच आलेखावर काढल्या, तर त्या परस्परांना समांतर दिसतात. समांतर असणे हा निसर्गाचा नियम, तर खालीवर असणे हा त्या त्या धातूचा स्वभाव. सोडियमसाठी सुटकेची ऊर्जा सुमारे २.३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असल्याने निळा प्रकाशही पुरतो. तांब्यासाठी ती त्याच्या दुप्पट असल्याने जंबुपार किरणच लागतात.

चढाचा अर्थ त्याच्या एककात कसा दडलेला असतो, हे एडविन हबल यांच्या १९२९ मधील आलेखावरून दिसते. आडव्या अक्षावर दीर्घिकांचे अंतर, उभ्या अक्षावर त्यांचा दूर जाण्याचा वेग. चढ आला मेगापार्सेकला सेकंदाला सुमारे ५०० किलोमीटर. यात अंतर दोनदा आले आहे, एकदा किलोमीटरमध्ये आणि एकदा मेगापार्सेकमध्ये. ते परस्परांना छेदले, की उरते ते 'एक भागिले काळ'. म्हणून चढाचा व्यस्तांक हा काळ असतो आणि तो विश्वाच्या वयाचा अंदाज देतो. ५०० या चढावरून तो सुमारे दोन अब्ज वर्षे येत होता. विश्व पृथ्वीहून लहान कसे, असा पेच त्यातून उभा राहिला. पृथ्वीचे वय साडेचार अब्ज वर्षांहून थोडे अधिक असल्याचे १९५६ पर्यंत निश्चित झाले. चूक वेगांत नव्हती, आडव्या अक्षावरील अंतरांत होती. वाल्टर बाडे यांनी १९५२ मध्ये अंतरे दुपटीने वाढवावी लागतील असे दाखविले आणि चढ निम्म्यावर आला. पुढील सुधारणांनी तो आणखी उतरत गेला. आता विश्वाच्या आद्य प्रारणाच्या मोजमापांवरून तो ६७ च्या आसपास येतो, तर स्पंदी तारे व अतिनवतारे यांच्या आधारे मोजलेल्या अंतरांवरून ७३ च्या आसपास. दोन्ही मोजमापे काळजीपूर्वक केलेली असूनही त्यांच्यातील हा फरक अद्याप मिटलेला नाही.